पाकिटातून पर्समध्ये

शनिवारी रात्री जेवणं उरकून लॅपटॉप उघडतो न उघडतो तोच मित्राचा फोन. हा माझा कॉलेजातला रूमपार्टनर. गेली काही वर्षं इंग्लंडात रेडिंगला असतो. त्या पट्ट्यात आपली आयटीवाली मराठी मंडळी बरीच आहेत, हा त्यातलाच एक. पगार वर्षाला ७२,००० पौंड, दोन पोरं, आणि वहिनी घरी. वहिनी पण इंजिनियरच, पुण्यात चांगली नोकरी होती. पण तिथल्या पाळणाघराची फी ऐकून दोघांनी हिशोब केला आणि तिने नोकरी शोधायचं पुढे ढकललं. ते ढकललं ते ढकललंच.

"अरे, घर घेतोय," हा म्हणाला. "ब्रोकर विचारतो, चाइल्ड बेनिफिट घेता का? मी म्हटलं, नाही. माझ्या पगाराला त्यातलं बरंचसं परतच द्यावं लागतं, मग कशाला ती कटकट? तर म्हणतो, अहो फॉर्म तरी भरा. आणि भराल तो बायकोच्या नावाने भरा."

"मग भर की."

"भरतो रे, पण बायकोच्याच नावाने का? पगार माझा, टॅक्स माझा, कर्ज दोघांचं. तू शनिवार-रविवार असले उद्योग करतोस ना, बघ जरा."

आता मला कुणी असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की संपलंच. उत्तर पाच मिनिटांत मिळालं, पण त्याच्या मागे मागे जात मी १९१४ सालच्या लिव्हरपूलमध्ये पोचलो आणि माझा अख्खा रविवार तिथे गेला. म्हटलं, तुमचाही थोडा घालवावा :)

तर मंडळी, आधी कर्जाचं बघू. आपल्या डोक्यात 'सोसायटी' म्हटलं की वॉचमन, मेन्टेनन्स आणि पार्किंगची भांडणं येतात. ब्रिटनमधली 'बिल्डिंग सोसायटी' ही मात्र आपल्या पतपेढीच्या जवळची चीज. आणि तिचा जन्म तर चक्क भिशीसारखा आहे. १७७५ साली बर्मिंगहॅममध्ये रिचर्ड केटली नावाच्या खानावळवाल्याच्या 'गोल्डन क्रॉस' या गुत्त्यात अशी पहिली सोसायटी जमली. अशा मंडळींमध्ये सगळ्यांनी दरमहा वर्गणी भरायची, जमलेल्या पैशातून एकेकाचं घर बांधायचं, सगळ्यांची घरं झाली की सोसायटी बरखास्त. पुढे त्या कायमस्वरूपी झाल्या, ठेवी घेऊ लागल्या, आणि विसाव्या शतकात तर ब्रिटिश मध्यमवर्गाला घर देणारी मुख्य संस्था तीच झाली.

या सोसायट्यांचा मॅनेजर कर्ज किती द्यायचं हे कसं ठरवायचा? फार सोपं. नवऱ्याच्या पगाराच्या अडीच-तीनपट. बस. बायको कमावत असेल तर तिचा पगार धरायचाच नाही, किंवा धरलाच तर जेमतेम एकपट. कारण उघड होतं: आज ना उद्या मूल होणार, बाई घरी बसणार, मग हप्ता कोण भरणार? एकट्या बाईला स्वतःच्या नावावर कर्ज हवं असेल तर बाप किंवा दुसरा कुणी पुरुष जामीन आण म्हणायचे. १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्याने हे बेकायदा ठरवलं. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही, आपल्या आई-बाबांच्या पिढीतली.

थोडक्यात, एक कमावता पुरुष, त्याच्यावर अवलंबून बायको-पोरं, हे त्या गणितातलं 'डिफॉल्ट सेटिंग'. एका पगारात घर बसलंच पाहिजे, हे गृहीतच धरलेलं. या गृहीतकाला पहिला मोठा सुरुंग लावला तो एका बाईने. तिला स्वतःला ना नवरा ना मूल, आणि घरची चिक्कार श्रीमंती.

तिचं नाव एलेनोर रॅथबोन. जन्म १८७२. लिव्हरपूलच्या बड्या व्यापारी घराण्यातली, वडील खासदार. १९०९ मध्ये ती लिव्हरपूलच्या नगर परिषदेवर निवडून आली, तिथवर पोचलेली पहिली बाई. १९१४ ला महायुद्ध सुरू झालं, लाखो पुरुष सैन्यात गेले, आणि त्यांच्या बायकांना सरकारकडून 'सेपरेशन अलाउन्स' मिळू लागला. लिव्हरपूलमध्ये हे पैसे घरोघरी नीट पोचतायत ना, हे बघायच्या कामात रॅथबोनबाई होत्या.

त्या भत्त्याची गंमत अशी, की तो दर आठवड्याला थेट बायकोच्या हातात पडायचा आणि पोरं जितकी जास्त तितकी रक्कम जास्त. नवऱ्याच्या पगारात यातलं काहीच नसतं. चार पोरांचा बाप आणि बिनलग्नाचा पोरगा, एकच काम केलं तर पगार सारखाच. शिवाय नवरा घरात किती देणार ते त्याच्या मर्जीवर. रॅथबोनबाईंना दिसलं, की नवरा दूर आघाडीवर असताना कित्येक घरांत बायका-पोरं आधीपेक्षा बरी जेवतायत. युद्धासारख्या भीषण गोष्टीतून हे निघावं, हे त्यांना काही गप्प बसू देईना.

१९१७ मध्ये त्यांनी काही जणांना घेऊन एक समिती काढली आणि १९२४ मध्ये 'द डिसइनहेरिटेड फॅमिली' हे पुस्तक लिहिलं. त्यातला युक्तिवाद आपल्यासारख्यांना फार आवडेल असा आहे, कारण तो चक्क डेटा-अ‍ॅनालिसिस आहे. कामगार संघटना तेव्हा म्हणायच्या, पुरुषाला 'फॅमिली वेज' द्या, म्हणजे बायको आणि तीन मुलं पोसता येतील एवढा पगार. बाईंनी जनगणनेचे आकडे काढले. नेमकी तीन मुलं असलेले पुरुष होते किती? अगदी थोडे. बऱ्याच जणांना मूलच नाही, किंवा एखादं. काहींना पाच-सहा. म्हणजे सगळ्यांना तीन मुलांच्या हिशोबाने पगार दिला, तर दीड कोटीहून जास्त अशा मुलांचे पैसे द्यावे लागतील जी मुळात अस्तित्वातच नाहीत! भुताची पोरं. आणि ज्यांच्या घरी खरोखर पाच पोरं आहेत, त्यांतली दोन मात्र उपाशीच. तेव्हा पगार कामाचा द्या, आणि मुलांचे पैसे वेगळे, सरकारकडून, आईच्या हातात द्या.

संघटनांना हे मुळीच पटलं नाही. त्यांचं भय असं, की सरकार मुलांचे पैसे देऊ लागलं तर मालक म्हणणार, आता पगारवाढ कशाला? हे भय अगदीच खोटं होतं असं मला वाटत नाही. पण त्यापायी पुढची कित्येक वर्षं त्या या कल्पनेपासून लांब राहिल्या.

(एक अवांतर. रॅथबोनबाई आपल्याकडे ज्या कारणाने ओळखल्या जायच्या ते जरा कडवट आहे. १९३४ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या बालविवाहांवर एक जहाल पुस्तक लिहिलं. त्याआधी १९२९ मध्येच लंडनच्या एका सभेत धन्वंती रामा राव यांनी त्यांना सुनावलं होतं, की आमच्या बायकांचे प्रश्न सोडवायचे तर आमच्याशिवाय नको. आणि १९४१ मध्ये त्यांनी भारतीयांना लिहिलेल्या उघड्या पत्राला तर आजारी रवींद्रनाथांनी बिछान्यावरून खरमरीत उत्तर दिलं. म्हणजे बाई घरच्या गरिबांसाठी जितक्या समजूतदार, तितक्याच साम्राज्यातल्या लोकांशी मास्तरकी करणाऱ्या. माणसं अशी सरळसोट नसतातच. असो.)

१९४२ च्या डिसेंबरात बेव्हरिज अहवाल आला. त्यात पहिलं मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलाला आठवड्याला ८ शिलिंग द्या, अशी शिफारस होती. सरकारने त्याचे ५ शिलिंग केले (सरकारं सगळीकडे सारखीच). १९४५ मध्ये विधेयक आलं तेव्हा रॅथबोनबाई खासदार होत्या, सत्तरी ओलांडलेली. आयुष्यभर जे मागितलं ते समोर आलं होतं. आणि वाचतात तर काय, विधेयकात लिहिलेलं, पैसे बापाचे!

बाई खवळल्या. असंच राहणार असेल तर मी स्वतः याच्या विरोधात मत देईन, असं त्यांनी सभागृहात सांगून टाकलं. शेवटी सरकारने पक्षादेश न काढता खासदारांना मोकळं सोडलं आणि विधेयकात बदल झाला: पैसे आईचे. जूनमध्ये कायदा झाला. बाई २ जानेवारी १९४६ ला गेल्या, आणि पहिले पैसे पोस्टाच्या खिडकीतून वाटले गेले ६ ऑगस्ट १९४६ ला, मंगळवारी. सात महिन्यांनी हुकलं.

म्हणजे "बायकोच्याच नावाने का" या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. पण फक्त अर्धं. कारण १९४५ नंतरही मुलांसाठीचे पैसे दोन रस्त्यांनी येत राहिले. एक, आईला पोस्टातून मिळणारा हा भत्ता. आणि दुसरा त्याहून जुना, १९०९ पासूनचा: मुलं असतील तर बापाला इन्कम टॅक्समध्ये सवलत. एक पैसा पर्समध्ये यायचा, दुसरा पाकिटात. १९७५ च्या कायद्याने ठरलं की दोन्ही बंद करून एकच चाइल्ड बेनिफिट सुरू करायचा, पहिल्या मुलालासुद्धा, आणि तो आईला द्यायचा.

ऐकायला किती छान. पण आता बघा. बापाची करसवलत गेली की त्याच्या पगाराच्या पाकिटातली रक्कम कमी होणार. तेवढेच (किंवा जास्त) पैसे त्याच्याच घरात बायकोच्या हातात येणार, पण पाकीट हलकं ते हलकंच. त्यात तेव्हा महागाई प्रचंड आणि सरकारने पगारवाढीवर मर्यादा घातलेली. कॅलहॅन सरकार घाबरलं. १९७६ च्या मे महिन्यात जाहीर झालं, की योजना पुढे ढकलत आहोत.

आणि जूनमध्ये फटाका फुटला. चाइल्ड पॉव्हर्टी अ‍ॅक्शन ग्रुप या संस्थेचे फ्रँक फील्ड यांनी 'न्यू सोसायटी' साप्ताहिकात एक लेख लिहिला, तो चक्क मंत्रिमंडळाच्या बैठकांच्या गुप्त कागदांवरून. आत काय बोलणं झालं, योजना कशी मारली, सगळं उघड. पोलीस चौकशी झाली, पण कागद कुणी दिले ते काही सापडलं नाही. ते कळलं २०१४ मध्ये. तेव्हा सरकारी नोकरीत असलेले आणि नंतर खासदार, मंत्री झालेले माल्कम विक्स यांनी आपल्या आठवणींत ते लिहून ठेवलं होतं, आणि पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर आलं. एवढी वर्षं तोंड मिटून! आपल्या हापिसात कुणाला किती इन्क्रिमेंट मिळालं हे लंचपर्यंत टिकत नाही.

गवगवा झाल्यावर सरकारला मागे यावं लागलं. १९७७ ते १९७९ अशी टप्प्याटप्प्याने योजना आली, आणि १९७९ च्या एप्रिलमध्ये दर मुलामागे आठवड्याला ४ पौंड झाले. या सगळ्या भांडणाला तेव्हापासून एक नाव पडलंय: पाकिटातून पर्समध्ये. एकाच घरातले पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात न्यायचे, तर त्यापायी सरकार हादरलं.

आता कर्जाकडे परत येऊ, कारण याच काळात तिथेही जमीन हलत होती. बायका नोकरीत टिकू लागल्या. ऐंशीच्या दशकात बँकाही घरकर्जाच्या धंद्यात उतरल्या, स्पर्धा वाढली, आणि दुसरा पगार हळूहळू पूर्ण धरला जाऊ लागला. बायकांच्या दृष्टीने हा न्यायच होता. पण त्याचा एक परिणाम असा की सगळेच दोन पगारांवर बोली लावू लागले, की किमतीही दोन पगारांच्या होतात. घरांच्या किमती फक्त यामुळे वाढल्या असं कुणी म्हणणार नाही. कमी बांधकाम, स्वस्त व्याज, बरीच कारणं आहेत. तरी आकडा बघा: इंग्लंडमध्ये मध्यम घराची किंमत १९९७ मध्ये मध्यम पगाराच्या साधारण साडेतीनपट होती, २०२४ मध्ये पावणेआठपटीच्या आसपास. साडेतीनपट एका पगारात जमतं. पावणेआठपट कसं जमवणार?

आणि १९९० मध्ये टॅक्सने वेगळा रस्ता धरला. तोवर ब्रिटनमध्ये बायकोचं उत्पन्न कायद्याने नवऱ्याचंच समजलं जायचं, विवरणपत्र तो भरायचा. एप्रिल १९९० पासून नवरा-बायको करासाठी दोन स्वतंत्र माणसं झाली. उत्तमच झालं. फक्त, त्याआधी १९८६ मध्ये अर्थमंत्री नायजेल लॉसन यांच्या डोक्यात एक जोड-कल्पना होती: घरी असलेल्या जोडीदाराची न वापरलेली करमुक्त मर्यादा दुसऱ्याला वापरू द्यावी. ती बारगळली. बऱ्याच जणांना वाटलं की अशाने बायका घरीच बसतील, आणि पैसाही बराच लागला असता. २०१५ मध्ये तिचं एक छोटंसं पिल्लू आलं खरं, पण ते वरच्या दराने कर भरणाऱ्याला लागूच नाही.

तर आता परिस्थिती काय झाली? सावकार बघतो घराकडे. टॅक्सवाला बघतो माणसाकडे. आणि चाइल्ड बेनिफिट आईकडे. तीन मॉड्यूल, तिघांची 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या वेगळी. आपल्या धंद्यात असला कोड रिव्ह्यूला आला असता तर काय झालं असतं सांगायला नको. तरीही ते चाललं, कारण बेनिफिट सगळ्यांना सारखा होता, कुणाचा पगार विचारतच नव्हते.

मग २०१० मध्ये जॉर्ज ऑस्बोर्न यांनी जाहीर केलं, की जास्त कमावणाऱ्यांना हे पैसे कशाला? हेतू वाईट नव्हता, तिजोरी रिकामी होती. पण अंमलबजावणी करायची कशी? कर तर माणशी. घराचं एकत्र उत्पन्न करखात्याकडे नोंदलेलंच नाही. मग त्यांनी जुगाड केला (हो, जुगाडच): घरातल्या ज्या एकाचं उत्पन्न जास्त, ते ५०,००० पौंडांच्या वर गेलं की त्याच्या टॅक्समध्ये बेनिफिट वसूल करायला लागायचं, दर १०० पौंडांना १ टक्का. ६०,००० ला सगळा साफ. ७ जानेवारी २०१३ पासून हे लागू झालं. पैसे तिच्या खात्यात, वसुली त्याच्या टॅक्समधून.

त्यातून निघालेलं उदाहरण तिथल्या पेपरांत इतक्यांदा आलंय, की आता त्याला म्हण म्हणायला हरकत नाही. दोघंही ५०-५० हजार कमावतात, घरात १,००,००० येतात: बेनिफिट पूर्ण. शेजारी एकटा ६०,००० कमावतो, बायको पोरं सांभाळते: बेनिफिट शून्य. २०२४ च्या एप्रिलपासून ही मर्यादा ६०,००० ते ८०,००० झाली. त्या वेळचे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी एकत्रित उत्पन्न बघायची योजना पण जाहीर केली होती. नव्या सरकारने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खर्चाचं कारण देऊन ती गुंडाळली. शेजारी-शेजारीचा फरक तसाच, फक्त आकडे सरकले.

मधल्या काळात कर्ज देणाऱ्यांची पाटीही बदलली होती. २००७ मध्ये नॉर्दर्न रॉकसमोर ठेवीदारांच्या रांगा लागल्या, पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. त्याचा धडा म्हणून २६ एप्रिल २०१४ पासून नवे नियम आले. नुसती पगाराची पट चालणार नाही. हातात किती येतं, घरखर्च किती, व्याज वाढलं तर झेपेल का, हे सगळं सावकाराने तपासायचं. साडेचारपट आणि त्यावरच्या कर्जांच्या प्रमाणावरही मर्यादा आली.

आता गंमत बघा. फॉर्मवर 'अवलंबून असलेली मुलं: २' लिहिलं, की खर्चाच्या बाजूला आकडा लगेच वाढतो, सगळ्याच सावकारांकडे. पण त्याच दोन मुलांचा बेनिफिट उत्पन्नाच्या बाजूला धरायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी पूर्ण धरतो, कुणी अर्धा, कुणी मुळीच नाही. मूल मोठं असेल तर आणखी नाकं मुरडतात, कारण हे पैसे साधारण सोळाव्या वर्षी थांबतात (पुढे शिकत राहिलं तर विसाव्यापर्यंत), आणि कर्ज तीस वर्षांचं.

मी मित्रासाठी एक एक्सेल केलं. २०२५-२६ चे दर, इंग्लंड, दोन मुलं. पहिल्या मुलाला आठवड्याला २६.०५ पौंड, दुसऱ्याला १७.२५, म्हणजे वर्षाला २,२५१. एका घरात एकटा ८०,००० कमावतो: कर आणि नॅशनल इन्शुरन्स जाऊन हातात साधारण ५६,९५७, बेनिफिट सगळा वसूल. दुसऱ्या घरात दोघं ४०-४० हजार: हातात ६४,६३९, वर बेनिफिट पूर्ण, एकूण ६६,८९०. एकूण पगार अगदी तोच, पण हातात वर्षाला जवळजवळ १०,००० पौंडांचा फरक. महिन्याला ८२५ च्या वर. जुन्या काळी दोघांना सारखंच कर्ज मिळालं असतं, किंबहुना मॅनेजरने पहिल्यालाच जास्त दिलं असतं! आज उलट. अर्थात दुसऱ्या घरात पाळणाघराचा खर्च असतो आणि तोही सावकार मोजतो, तेव्हा त्या ८२५ मधले किती उरतात हे पोरांच्या वयावर आहे. पण पोरं शाळेत जायला लागली की तो खर्च उतरतो. एका पगाराच्या घराचा टॅक्स उतरत नाही.

आमच्या मित्राचा पगार ७२,०००. म्हणजे ६०,००० च्या वर १२,०००, आणि दर २०० ला १ टक्का, म्हणजे बेनिफिटचा ६० टक्के भाग त्याच्या टॅक्समधून परत. हातात राहतात वर्षाला ९००. अजून १२,००० पेन्शनमध्ये टाकले तर करासाठीचा आकडा ६०,००० वर येतो आणि बेनिफिट पूर्ण राहतो. पण मग पगारपत्रकावर आकडा खाली दिसतो आणि सावकार म्हणतो, तुमचा पगार कमी झाला की! एक स्क्रू आवळला की दुसरा ढिला.

मी त्याला विचारलं, "९०० का होईना, आधीच का नाही घेतलेस?"

"आधी घेता येत नव्हते रे."

हे मात्र खरं. आपली मंडळी तिकडे वर्क व्हिसावर जातात तेव्हा व्हिसावरच लिहिलेलं असतं, सरकारी मदतीवर हक्क नाही, आणि त्या यादीत चाइल्ड बेनिफिट येतो. टॅक्स मात्र पूर्ण, पहिल्या दिवसापासून. या अटीत असताना चुकून अर्ज केला तर व्हिसाच धोक्यात. त्यामुळे पाच-सात वर्षं हा फॉर्म आपला नाही, हे डोक्यात पक्कं बसतं. मग कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळतो, पार्टी होते, पण हा फॉर्म आता आपलाही झाला हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मित्राला परवाना मिळून चौदा महिने झाले होते. आणि अर्ज केलात तर मागचे फक्त तीन महिने मिळतात.

पण खरी मेख ९०० पौंडांत नाहीच. बारा वर्षांखालच्या मुलासाठी ज्याच्या नावाने अर्ज असतो, त्याला नॅशनल इन्शुरन्सची क्रेडिट मिळतात, म्हणजे नोकरी न करताही सरकारी पेन्शनसाठी ती वर्षं मोजली जातात. पूर्ण पेन्शनला ३५ वर्षं लागतात. बेनिफिट सगळा परत जात असेल तर 'पैसे नकोत' अशी खूण करून नुसती नोंदणी करता येते, क्रेडिट तरीही मिळतात. पण "परतच द्यायचंय तर कशाला" म्हणून फॉर्मच भरला नाही तर आपोआप काहीच होत नाही. आणि नवऱ्याने स्वतःच्या नावाने भरला तर क्रेडिट त्याला, ज्याला नोकरीमुळे ती मिळतातच. ब्रोकरला हे माहीत होतं. मित्राला नव्हतं. वहिनीला तर कुणी विचारलंच नव्हतं.

रविवारी रात्री मी हे सगळं त्याला सांगत होतो, तेव्हा त्याने फोन स्पीकरवर टाकला. वहिनी मागून ऐकत होती. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग ती म्हणाली, "भावजी, मोठीचं बारा व्हायला किती राहिलं?"

मोठी अकराची आहे. धाकटा सहाचा.

"म्हणजे धाकट्याची सहा वर्षं. आणि मागची चौदा महिने?"

मी म्हटलं, "त्यातले तीन तरी मागून घ्या."

बुधवारी मित्राने स्क्रीनशॉट पाठवला. ब्रोकरने तीन ठिकाणी विचारलं होतं. एकाने बेनिफिट धरला नाही, एकाने अर्धा, तिसरा पत्र आल्यावर बघू म्हणाला. खाली अर्जाचं पान होतं. अर्जदार १, उत्पन्न ७२,०००. अर्जदार २ च्या रकान्यात आधी शून्य होतं, तिथे वहिनीने स्वतः टाइप केलं होतं: २,२५१. आणि शेरा लिहायच्या जागेत, 'पत्र येत आहे.'